नऊ वर्षांची होतीस तेव्हा काय खायचीस?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांना या गावात सगळे नुसतं ‘गुरुजी’ म्हणत. पाचवीला मी त्यांच्या वर्गात होते. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणजे शुद्धलेखन आणि पाढे, हे ठरलेलं. त्या वर्षी मात्र गुरुजींनी फळ्यावर एकच ओळ लिहिली. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस गाठा आणि विचारा, तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा काय खायचास? वर त्यांनी बजावलं, ‘जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. आपले शब्द घालायचे नाहीत.’

मी आजीला विचारलं. ती चुलीपुढं बसली होती. न वळता म्हणाली, ‘नाचणीची भाकरी. आन् भाऊ जेवून ऱ्हायलं तर ताक.’

एवढंच. मी तेवढंच लिहून नेलं. गुरुजींनी ती ओळ वर्गात मोठ्यानं वाचली. ‘ऱ्हायलं’ला त्यांनी लाल शाईनं गोल केला नाही. वही परत देताना त्यांचा हात जरा थांबला, एवढं मला आठवतं. मी दहा वर्षांची होते. मला त्या ओळीत फक्त भाकरी आणि ताक दिसलं होतं. ‘भाऊ जेवून ऱ्हायलं तर’ हे शब्द मला पुढं कितीतरी वर्षांनी ऐकू आले.

आज मला याच गृहपाठाबद्दल बोलायचं आहे. आपल्या घरातल्या, शेजारातल्या, मैत्रीतल्या माणसांची कहाणी त्यांच्या तोंडून ऐकणं, ध्वनिमुद्रित करणं, जपून ठेवणं. गेली वीसेक वर्षं मी हे काम करते आहे. ‘आमची जुनी माणसं काही सांगतच नाहीत,’ असं अनेकांकडून ऐकते. मला ते पटत नाही. माणसं सांगत नाहीत, कारण आपण विचारत नाही. आणि विचारतो तेव्हासुद्धा उत्तर आपल्या सोयीचं हवं असतं.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, हे मुलाखतींचं, ध्वनिमुद्रणाचं प्रकरण तिकडून आलेलं. विद्यापीठांतला रिवाज म्हणून पाहिलं तर ते खरं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये मौखिक इतिहासाचं काम सुरू केलं आणि पुढं ती एक शाखाच झाली. पण काम म्हणून? तेराव्या शतकाच्या अखेरीला म्हाइंभटांनी काय केलं होतं?

महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेले होते. त्यांना पाहिलेली, त्यांच्याबरोबर चाललेली, त्यांच्या पंक्तीला जेवलेली माणसं गावोगाव विखुरली होती. म्हाइंभट मोठे पंडित. त्यांनी स्वामींवर एखादा शास्त्रग्रंथ रचला असता तर कोणाला नवल वाटलं नसतं. तसं न करता ते या माणसांकडे गेले आणि विचारत राहिले. स्वामी तेव्हा कुठं बसले होते? काय म्हणाले? मग तुम्ही काय म्हणालात? त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण ते शाळेत पाठ करतो, पण तो ग्रंथ विचारपुशीतून उभा राहिला, हे आपल्याला कोणी सांगत नाही. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकच लीळा दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितली, तर हस्तलिखितांत दोन्ही सापडतात. ज्यानं सांगितली त्याच्या नावानं, ‘वासना’ म्हणून. खरी कुठली आणि खोटी कुठली, असा निवाडा करून एक पुसून टाकली नाही. सातशे वर्षांपूर्वी! आज आपल्या घरात दोन काका एकाच बारशाच्या दोन हकिकती सांगायला लागले, की आपण म्हणतो, ‘नक्की काय ते एकदा ठरवा.’

दुसरं उदाहरण विष्णुभट गोडशांचं. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाला आणि अठराशे सत्तावनच्या धुमाळीत सापडला. झाशीच्या वेढ्यात तो झाशीत होता. परत आल्यावर वर्षामागून वर्षं गेली. घरच्यांना त्यानं ते सगळं सांगितलं असेल, ओटीवर, जेवणानंतर. ते तिथंच विरून गेलं असतं. चिंतामणराव वैद्यांनी लिहा म्हणून आग्रह धरला, म्हणून ‘माझा प्रवास’ कागदावर आला. केवढे उपकार! पण १९०७ साली छापताना वैद्यांनी त्यात फेरफार केले. गोडशांचं जसंच्या तसं लेखन वाचायला मराठी वाचकाला १९६६ पर्यंत थांबावं लागलं, दत्तो वामन पोतदारांनी ते छापलं तोवर. एकानं विचारलं म्हणून ते जगलं, आणि त्याच माणसाच्या हातानं त्याचा आवाज साठ वर्षं झाकला गेला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि या कामात उतरणाऱ्यानं दोन्ही ध्यानात ठेवायला हव्यात.

आणि बहिणाबाई. अक्षरओळख नसलेली ही बाई शेतात, घरोट्यावर गाणी रचत होती आणि घरातल्या पोरांनी, सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं, ती ऐकता ऐकता टिपून ठेवली. १९५१च्या डिसेंबरात त्या गेल्या. गाणी पुस्तकात आली १९५२ साली. मुलानं वही-पेन्सिल हातात घेतली नसती तर? खानदेशातल्या एका बाईबरोबर सगळं गेलं असतं, आणि गेलं हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं. मला हा विचार सहन होत नाही. कारण लगेच दुसरा विचार येतो. ज्यांच्या घरी वही-पेन्सिल घेणारा मुलगा नव्हता, अशा किती?

आपल्याकडे पूर्वज जपण्याची हौस कमी नाही. त्र्यंबकेश्वरी, नाशकात तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपले खापरपणजोबा कधी आले, कोणाबरोबर आले ते सापडतं. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात. शिकल्यासवरल्या घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले. मी ते पुष्कळ चाळले आहेत. त्यांत पुरुषाचं नाव, शिक्षण, नोकरी, बढती. बायको बहुधा एका कंसात. मुली लग्नापर्यंत. एवढ्या मोठ्या झाडावर एकाही पानाला आवाज नाही.

तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांची नावं इथं घ्यायलाच हवीत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत त्यांच्या घरी गेल्या, त्यांच्याजवळ बसल्या, आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. त्या नावातला ‘ही’ ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावागावांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखावर ओव्या झाल्या. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं केलं, ते पुस्तक २००४ साली निघालं. यांतल्या कोणालाही इतिहासकार राजवाड्यांना सापडलं तसं एखादं दप्तर सापडलं नव्हतं. दप्तर माणसांच्या तोंडात होतं.

आता कसं विचारायचं? इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मागच्या रांगांत तरुण मुलं-मुली दिसताहेत आणि त्यांच्या खिशात आज असं यंत्र आहे जे म्हाइंभटांना मिळालं असतं तर त्यांनी काय केलं असतं, कोण जाणे.

पहिली गोष्ट गुरुजींनीच सांगून ठेवली आहे. मोठा प्रश्न विचारू नका. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं की म्हातारं माणूस काय म्हणतं? ‘काय सांगायचं बाबा, गेलं आयुष्य.’ आणि संपलं. ‘संघर्षाबद्दल सांगा’ म्हटलं तर ते वर्तमानपत्रासारखं बोलायला लागतं. त्यापेक्षा विचारा, चूल कुठल्या भिंतीला होती? पाणी कुठून आणायचात, किती खेपा? पहिला पगार कोणाच्या हातात दिलात? शाळा सुटली त्या दिवशी पाटीचं काय केलंत? चूल सांगता सांगता सासू येते. पाणी सांगता सांगता जात येते, विहीर कोणाची आणि पोहरा कोणी ओतायचा ते येतं. आपण त्यासाठी वेगळा प्रश्न करायची गरजच पडत नाही.

साल विचारू नका. साल कागदाला आठवतं, माणसाला प्रसंग आठवतो. पुण्यात विचारा, पानशेतच्या आधी की नंतर? लगेच उत्तर मिळतं, कारण धरण फुटून १२ जुलै १९६१ ला ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याचं आयुष्य त्या दिवशी दोन भागांत कापलं गेलं. लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप. मराठवाड्यात, नगर-सोलापुरात बहात्तरचा दुष्काळ. ‘बहात्तरला तुम्ही केवढ्या होतात?’ एवढं म्हटलं की खडी फोडायला गेलेल्या बायका सुकडीची चव सांगतात, लाल मायलोच्या भाकरीची सांगतात, कामावर झाडाला बांधलेल्या झोळीतल्या पोराचं सांगतात. आमच्या पाटण भागात कोयनेचा भूकंप. डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. माझी आत्या कधीच साल सांगत नसे. ‘भुईनं घर पाडलं त्या सालाला मी मुंबई बघितली,’ असं म्हणायची.

वस्तू समोर ठेवा. फोटो, रेशनकार्ड, पितळेचा डबा, वापरातून गेलेलं लुगडं. हाताला काही लागलं की तोंड सैल होतं.

बाईशी एकटीशी बोला. हे मी फार पोळून शिकले. नवरा-बायको शेजारी बसले, की प्रश्न तिला आणि उत्तर त्याचं. तो वाईट माणूस असतो असं नाही, सवय असते. ती मान हलवते, आणि घरी येऊन ऐकावं तर तासाभरात तिच्या बांगड्यांशिवाय काही ऐकू येत नाही. स्वयंपाकघरात बसा. तिच्या हाताला काम असू द्या. लसूण सोलता सोलता माणूस जे बोलतो ते खुर्चीत बसवून बोलत नाही.

माझ्या आजोळच्या आजीला मी एकदा असंच विचारलं, ‘माहेरी तुला काय म्हणायचे?’ आपल्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं मुलीचं नवं नाव लिहितात. आम्ही त्याचे फोटो काढतो. जुनं नाव कुठं जातं? आजीनं ते सांगितलं आणि ऐंशीव्या वर्षी लाजली. त्या नावानं हाक मारणारं तिला कोणी उरलं नव्हतं. ते नाव मी इथं सांगणार नाही. ते तिनं मला सांगितलं.

आणि गप्प बसायला शिका. माणूस बोलता बोलता थांबला की आपल्याला ती शांतता खुपते. आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो. टाकू नका. मनात वीस आकडे मोजा. पुष्कळदा खरं वाक्य अठराव्या आकड्याला येतं. उर्वशी बुटालिया यांचं फाळणीवरचं पुस्तक १९९८ साली आलं, त्याची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या घरातून आहे. आईचा भाऊ लाहोरलाच राहिला होता, त्याच्यापासून. चाळीस वर्षं ज्याबद्दल घरात कोणी नीट बोललं नव्हतं, तिथं जाऊन बसायचं. अशा ठिकाणी प्रश्नांची यादी काय कामाची?

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. पंखा बंद करा. फोन विमानाच्या खुणेवर ठेवा, नाहीतर नेमक्या वेळी कोणाचा तरी फोन येतो. कुकर आधी उतरवून घ्या. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते आपल्या आवाजात म्हणा. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त नको. म्हातारी माणसं दमतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘काल एक सांगायचं राहिलं’ म्हणून स्वतः बोलावतात. लिहून काढताना ‘न्हाई’चं ‘नाही’ करू नका. गोडशांचं काय झालं ते आत्ताच ऐकलंत. आणि झालेलं ध्वनिमुद्रण त्याच दिवशी तीन ठिकाणी ठेवा. हे मी इतकं निक्षून का सांगते? माझ्या वडिलांचा आवाज चाळीस मिनिटं एका कॅसेटवर होता. १९९४च्या दिवाळीत घेतलेला. ती एकच प्रत. पत्र्याच्या पेटीत ठेवली, दोन पावसाळे गेले, टेपला बुरशी आली. वाजवायला गेले तर ती आत गुंडाळून तुटली. आता वडील नाहीत आणि तो आवाजही नाही. ते मुंबईला पहिल्यांदा गेले तेव्हा एस.टी.त काय झालं होतं, ते त्या कॅसेटवर होतं. मी ते ऐकलं होतं. मला ते आठवत नाही.

वडील गेल्यावर मी आत्याकडे गेले. वडिलांची थोरली बहीण. नवरा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होता. ती बाराएक वर्षं खानावळ चालवत होती. मी गेले तेव्हा ती डोंबिवलीला मुलाकडे होती, सत्तरीत. आमच्या अकरा बैठका झाल्या.

पहिल्या बैठकीत मी गुरुजींचाच प्रश्न विचारला. नऊ वर्षांची होतीस तेव्हा काय खायचीस?

‘नाचणीच की. पर आय मला तुझ्या बाच्या बरोबरीनं वाढायची. त्याच्या ताटाला ताट लावून. चुलती बोलायची तिला. आय म्हनायची, जेवू दे.’

भाऊ जेवून राहिलं तर ताक पिणारी माझी आजी. तिनं आपल्या पोरीचं ताट पोराच्या ताटाला लावलं होतं. हे आजीनं मला कधीच सांगितलं नाही. मी विचारलंच नव्हतं. पाचवीतल्या त्या ओळीची पुढची ओळ मला तीस वर्षांनी, दुसऱ्याच माणसाच्या तोंडून मिळाली.

खानावळीबद्दल आत्या भरभरून बोलायची. दहा बाय बाराची खोली. कोळशाची शेगडी, पुढं रॉकेलचा स्टो. पहिल्या पाळीचे मेंबर, दुसऱ्या पाळीचे, तिसऱ्या पाळीचे. ताटं धुऊन होत नाहीत तोवर पुढचा भोंगा. दिवसाला शंभरावर भाकऱ्या. ते सांगताना तिचे हात आपोआप चालायला लागत. माझ्याकडच्या ध्वनिमुद्रणात तिच्या बोलण्याखाली एक आवाज आहे, थप थप थप, एका लयीत. समोर पीठ नाही, परात नाही. नुसते दोन तळवे. मी कितीही चांगली लेखिका असते तरी तो आवाज मला लिहिता आला नसता.

आता एका अवघड गोष्टीकडे येते. माणसं चुकीचं सांगतात त्याचं काय करायचं?

इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्याचं गाव आहे. १९४९ साली, इटलीनं नाटो करारात जाऊ नये म्हणून कामगारांचा मोर्चा निघाला होता, त्यात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढं अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या संशोधकानं गावातल्या माणसांना विचारलं, तर कितीतरी जण सांगू लागले की तो १९५३ साली मेला, कारखान्यातून माणसं काढली त्या दंगलीत. कागदाशी ताडून पाहिलं तर ते चूक. दुसरा कोणी असता तर त्यानं त्या मुलाखती बाजूला टाकल्या असत्या. पोर्तेल्लीनं विचारलं, सगळे एकाच दिशेनं कसे चुकतात? कारण इतका जवळचा पोरगा एका परराष्ट्र करारापायी, कोणी उलट हात न उचलता गेला, हे त्या माणसांना सोसत नव्हतं. त्यांनी त्याचं मरण उचललं आणि आपल्या सगळ्यांत मोठ्या लढ्याच्या शेजारी नेऊन ठेवलं. चूक तारखेत होती. तिच्याखाली जे होतं ते खरं होतं.

मी हे वाचलं होतं. तरी आत्याच्या बाबतीत मला ते वेळेवर उमगलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि त्यांतले कितीतरी जण परत कधी आत गेले नाहीत. आत्यानं मला तीन वेगवेगळ्या बैठकांत सांगितलं, ‘संप झाला त्या दिशीच म्या खानावळ बंद केली.’ स्पष्ट, न अडखळता. एकदा जेवताना मी ते सहज आतेभावाजवळ बोलले. तो म्हणाला, ‘छे गं, पुढं आठ महिने चालू होती. मीच रेशनच्या रांगेत उभा राहायचो.’

त्यानंच मला ती वही दाखवली. शाळेची दोनशे पानी वही, जाड पुठ्ठ्याची, पिठाच्या आणि तेलाच्या बोटांनी कडा काळ्या पडलेल्या. आत्याला लिहिता येत नव्हतं. प्रत्येक मेंबरला एक पान, आणि पानाच्या डोक्यावर त्याची खूण तिनं काढलेली. मासा. धोटा. नारळ. टोपी. खाली एका जेवणाला एक रेघ. पगार होऊन पैसे आले की सगळ्या रेघांवरून एक आडवी काट. वहीतली पहिली पानं अशी काटांनी भरलेली. शेवटच्या तेवीस पानांवर नुसत्या रेघा होत्या. ओळीमागून ओळ, पान भरून मागच्या बाजूला गेलेल्या. काट एकाही पानावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ती वही तिच्यापुढे ठेवली. यंत्र चालू होतं. मनातून मला आनंद झाला होता, हे मी तुम्हाला खरंच सांगते. संशोधकाला पुरावा सापडल्यावर होतो तो आनंद. मी म्हणाले, ‘आत्या, ही पानं संपानंतरची ना?’

ती वहीकडे बघत राहिली. मी वीस आकडे मोजले. पुन्हा मोजले. मग ती म्हणाली, ‘बंद कर त्ये.’

मी बंद केलं. पुढचा तासभर ती जे बोलली ते कुठंही नाही. मी त्याची टिपणंही केली नाहीत. तिनं एवढंच सांगायची मला मोकळीक दिली की तिनं मंगळसूत्रातले मणी मोडले होते, आणि त्या तेवीस जणांतल्या कोणाकडे ती कधी मागायला गेली नाही. ‘त्येंची पोरंबाळं आता मोठी झाल्याती,’ ती म्हणाली. ‘त्येंच्या कानावर कशाला, की तुझा बा आठ म्हैने उधारीनं जेवला?’

म्हणून खानावळ पहिल्याच दिवशी बंद झाली होती. तिच्या आठवणीत ती आठ महिने चाललीच नव्हती, म्हणजे कोणी देणेकरी उरत नव्हता. ती विसरली नव्हती. इतकी वर्षं ती त्या माणसांची लाज राखत होती, आणि मी ती वही तिच्यापुढे उघडून ठेवली.

मित्रहो, ‘बंद कर’ म्हणण्याचा हक्क सांगणाऱ्याचा असतो. सुरुवातीलाच तो त्याला सांगा. हे कोणाला ऐकवू, कोणाला नको, कधी ऐकवू, ते विचारून घ्या. ‘मी गेल्यावर’ म्हणाला, तर थांबा. विष्णुभट गोडशांचंही पुस्तक ते गेल्यावरच छापलं गेलं. आपण लेक आहोत, भाची आहोत, जुने मित्र आहोत म्हणून आपल्याला जास्त मुभा मिळते असं नाही. उलट परक्यापुढं माणूस सावध असतो. आपल्यापुढं तो सावध नसतो, म्हणून सावध आपण असायचं.

त्या दिवसानंतर दोन आठवडे मी गेले नाही. जायचा धीर होत नव्हता. मग आतेभावाचा फोन आला, आत्या बोलावतेय.

गेले तर ती खिडकीपाशी बसली होती. वही मांडीवर. मी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, ‘चालू कर त्ये.’ आणि शेवटची तेवीस पानं तिनं एकेक करून उलटली. रेघा मोजल्या नाहीत. पैशांचा शब्द काढला नाही. खुणेवर बोट ठेवायची आणि सांगायची. तिनं नावं घेतली होती. मी ती इथं घेत नाही.

माशावर बोट ठेवून, ‘ह्यो देवगडचा. आमटीत कोकम दोन जादा लागायची. न्हाई घातली तर बोलायचा न्हाई, पर वाटी तशीच ठिवायचा.’

धोट्यावर, ‘ह्यो आपल्याच तिकडचा, ढेबेवाडीचा. तिसऱ्या पाळीवनं आला की जिन्यातच झोपायचा. मी ताट झाकून ठिवायची.’

नारळावर, ‘ह्येच्या आयचं पत्र आलं की तुझा आतेभाऊ वाचून दावायचा. पोरगं दुसरीत हुतं तवा. अक्षार अक्षार लावून.’

अशी बावीस पानं झाली. तेविसाव्यावर टोपी होती, एका बाजूला कललेली. तिनं तिच्यावर बोट ठेवलं आणि ती थांबली. ध्वनिमुद्रणात इथं खालच्या रस्त्यावरून रिक्षा गेल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही.

‘ह्यो कोन त्ये न्हाई आठवत गं,’ ती म्हणाली. आणि मग, ‘पर मऊ भात लागायचा त्येला. दात दुखायचं त्येचं.’